सी४वरचं प्यादं

बुद्धिबळाच्या त्या स्पर्धेत सहाव्या फेरीची पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ती यादी, लागली तेव्हा मी आधी रंग पाहिला, मग नाव. पांढरी मोहरी मिळाली होती. ९ फेऱ्यांची स्विस स्पर्धा, म्हणजे दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर, ५ फेऱ्यांनंतर माझे साडेतीन गुण, आणि समोर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा, रेटिंगने माझ्याहून दोनशेच्या वर. आदल्या दिवशीचे त्याचे दोन्ही डाव मी माझा डाव संपल्यावर लांब उभी राहून पाहिले होते. दोन्हींत त्याने एकच केलं होतं. (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच म्हणतात आणि आडव्या रांगांना १ ते ८, घर आणि प्यादं ओळखायचं ते त्यावरून.) मध्यात ई आणि डी प्यादी घट्ट रोवली, एफ प्यादं पुढे ढकललं आणि समोरच्याच्या राजाभोवती एकेक मोहरा आणून उभा केला. विचार करताना तो पटाकडे फारसा बघतही नसे. छताकडे नजर लावून मोजायचा, मग मान खाली घालून चाल करून टाकायचा.

पहिली चाल कोणती हा प्रश्न मला पडायला नको होता. दोन वर्षं मी पांढऱ्या मोहऱ्यांनी सी४च खेळत आले आहे. तरी त्या रात्री मनात आलं, या मुलाला मध्य मोकळा देणं म्हणजे त्याच्या हातात आयतं काठीचं टोक देणं. ई४ खेळून आपणच मध्यात उभं राहिलो तर?

मी ई४ का सोडलं ते आधी सांगते. लहानपणी खेळत होते, मग पंधरा वर्षं पट बंद. परत आले तेव्हा ई४च्या एकेका प्रकारात वीस-बावीस चाली पाठ असलेली मुलं समोर यायची. मी विचार सुरू करायची तेव्हा त्यांचं पाठांतर चालूच असायचं. सी४मध्ये प्यादी एकमेकांना लगेच भिडत नाहीत. मध्यावर पाय ठेवण्याऐवजी बाजूने त्याच्यावर नजर ठेवायची, जी२वरचा उंट लांबच्या तिरक्या रेषेवर बसवायचा आणि समोरच्याने काय उभारलं आहे ते पाहून मग ठरवायचं. उंटाच्या त्या बैठकीला फियानचेट्टो म्हणतात. इटालियन भाषेत फियांको म्हणजे बाजू, कूस, त्यावरूनच तो शब्द आला. मला हे नाव फार आवडतं. उंट कुशीत शिरून बसतो आणि तिथून अख्खा पट बघतो.

सी४ने होणाऱ्या या सुरुवातीचं, ओपनिंगचं, नाव इंग्लिश पडलं ते इंग्लंडच्या हॉवर्ड स्टाँटनमुळे. १८४३मध्ये पॅरिसला फ्रेंच खेळाडू सेंट-आमाँविरुद्धच्या सामन्यात तो सी४ खेळला. पण आमच्या सरांना विचारलं तर ते स्टाँटनचं नाव काढत नाहीत, ते लार्सनचा डाव काढतात. १९७०, बेलग्रेड, सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग. पहिल्या पटावर पांढऱ्या मोहऱ्यांनी डेन्मार्कचा बेंट लार्सन बी३ खेळला, तीही बाजूचीच चाल, आणि तेव्हाचा विश्वविजेता बोरिस स्पास्कीने त्याला १७ चालींत संपवलं. सरांनी तो डाव मला तीनदा मांडून दाखवला. "बाजूने खेळायला हरकत नाही, पण समोरचा मध्यातून धावत आला तर तू कुठे असशील ते आधी सांग." मी त्यांना उलट स्पेनमधल्या सेव्हियाचा डाव दाखवायची. १९८७चा विश्वविजेतेपदाचा सामना, विश्वविजेता कास्पारोव्ह विरुद्ध कार्पोव्ह, शेवटचा चोविसावा डाव, कास्पारोव्ह एका गुणाने मागे, जिंकल्याशिवाय किताब राहणार नाही. अशा डावात माणूस तलवार घेऊन धावेल असं वाटतं. कास्पारोव्ह सी४ खेळला. दोन्ही उंट कुशीत बसवले, घाई केली नाही, आणि ६४ चालींनंतर कार्पोव्हने डाव सोडला. सामना १२-१२ बरोबरीत सुटला, किताब कास्पारोव्हकडेच राहिला.

सर म्हणायचे, तो कास्पारोव्ह होता. यावर माझ्याकडे उत्तर नसायचं.

तर दुसऱ्या दिवशी पटावर बसले, हात मिळवला, आर्बिटरांनी, म्हणजे पंचांनी, घड्याळं सुरू करायला सांगितलं. प्रत्येकी ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद वाढीव. मी सी प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं. त्या प्याद्याबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे.

तो लगेच ई५ खेळला. पहिल्या बारा चालींत आम्ही दोघांनी मिळून पंधरा मिनिटंही घेतली नसतील. दोघांचेही राजाकडचे उंट जी पट्टीवर कुशीत, त्याचा एफ५, माझा हत्ती बी१वर आणि बी प्यादं पुढे सरकवण्याची तयारी. त्याने ए५ टाकून ते अडवायचा प्रयत्न केला, मी ए३ करून बी४ खेळलेच. ए पट्टीवरची प्यादी मारली गेली. बाराव्या चालीला माझं बी प्यादं बी५वर होतं आणि त्याचा सी६वरचा घोडा हाकलला जाऊन ई७वर आला होता. या रचनेला उलटी सिसिलियन म्हणतात, कारण सिसिलियनमध्ये काळा जे करतो तेच इथे पांढरा एक चाल जास्त मिळवून करतो. काळा राजाच्या बाजूने येतो, पांढरा वजिराच्या बाजूने. शर्यत आहे, पण दोघांची बक्षिसं सारखी नाहीत. तो पोहोचला तर मात, मी पोहोचले तर एखादं प्यादं. या ओपनिंगमध्ये पोटात खड्डा पडतो तो इथेच.

मी उंट बी२वर घेतला, हत्ती ए१वर आणला. त्याने हत्त्यांची मारामारी केली, मी वजिराने मारलं आणि सोळाव्या चालीला तो वजीर ए७पर्यंत गेला. बी७च्या प्याद्याला थेट खेटून, पटाच्या अगदी त्या टोकाला. त्याने ते प्यादं राखायला वजीर सी८वर नेला. मी उरलेला हत्ती ए१वर आणला. आता माझा वजीर आणि हत्ती दोघंही ए पट्टीवर होते, माझा राजा जी१वर होता आणि मध्ये घोडे-उंट सोडले तर कोणी नव्हतं.

सतराव्या चालीला तो एफ४ खेळला.

ती चाल येणार हे ठाऊक होतं, तरी छाती धडधडली. घड्याळात माझ्याकडे १ तास ५ मिनिटं होती. तो उठून फेऱ्या मारायला गेला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. ही माझी जुनी सवय आहे. पूर्वी चाल आधी लिहून मग खेळायची म्हणजे आपोआप लगाम बसायचा, पण आता नियमाने चाल आधी लिहून ठेवता येत नाही, आणि मोहऱ्याला हात लागला की तोच हलवावा लागतो. म्हणून हात मांडीखाली.

पहिला विचार एकच होता, वजीर परत आणायचा. ए३, मग तिथून वाट काढत राजाजवळ. सरांचा प्रश्न डोक्यात घुमत होता. समोरचा मध्यातून धावत आला तर तू कुठे असशील? ए७वर. उत्तर ऐकायला फार वाईट होतं.

मग मी मोजायला लागले. तो एफ प्याद्याने जी३ मारणार, मी एच प्याद्याने परत मारणार, त्याची एफ पट्टी उघडणार, एफ६वरचा घोडा जी४वर येणार आणि हत्ती-घोडा मिळून एफ२वर तुटून पडणार. एफ२ राखायला माझा फक्त राजा. हीच मोजणी चार-पाचदा केली. सहाव्यांदा करताना नजर एफ२वरून उलटी मागे गेली: ई३, डी४, सी५, बी६, ए७. मधली सगळी घरं रिकामी. त्या रेषेच्या दुसऱ्या टोकाला माझाच वजीर बसला होता. एफ२ची राखण तो तिथूनच करत होता. ज्याला मी घरी आणायला निघाले होते तो घराचंच दार धरून उभा होता, फक्त लांबून.

आनंद झाला हे खरं, पण त्याहून जास्त लाज वाटली. दोन वर्षं मी लोकांना सांगत आले की या खेळात मोहरे लांबून काम करतात, आणि पहिला धक्का बसताच सगळ्यांना घरी बोलवायला निघाले होते.

१६ मिनिटांनी घोडा एफ३वरून डी२वर घेतला. त्याने जी२च्या उंटाची रेषा मोकळी झाली. बी७वर आता दोघांचा डोळा, राखायला त्याचा एकटा वजीर. तो परत आला, उभ्याउभ्याच स्कोअरशीटवर माझी चाल लिहिली आणि जी३ मारलं. मी एच प्याद्याने मारलं. घोडा जी४. अगदी मोजल्याप्रमाणे.

यापुढच्या चालीवर मी २७ मिनिटं घालवली. तेवढी घालवायला नको होती असं नंतर काहींनी सांगितलं. मला अजून तसं वाटत नाही, कारण डाव इथेच ठरला.

बी७चं प्यादं समोर होतं. उंटाने मारलं की त्याच्या वजिरावर हल्ला, शिवाय माझं बी५ मोकळं होऊन पळायला तयार. वजिराच्या बाजूने एवढी मेहनत केली ती या प्याद्यासाठीच, मग ते का खायचं नाही? पण खाल्लं की तो वजीर हलवणार आणि मग हत्तीने एफ२ मारण्याची धमकी उभी राहणार. मी वजिराने परत मारायचं, त्याने घोड्याने वजीर मारायचा, मी राजाने घोडा मारायचा. हिशेब मांडला तर एक वजीर देऊन मला हत्ती आणि घोडा मिळत होता. शिवाय पुढे धावणारं एक प्यादं. कागदावर फार वाईट नाही. पण माझा राजा एफ२वर उघडा आणि त्याचा वजीर मोकाट. अशी परिस्थिती त्या मुलाला हवीच होती. त्याच्या आदल्या दिवशीच्या डावांत समोरच्या दोघांनीही खाऊ पाहिला आणि खाल्ला.

दुसरा पर्याय होता घोडा डी२वरून ई४वर. प्यादं न खाता, स्वतःच्याच उंटाची रेषा परत बंद करून. दिसायला विसंगत चाल. आत्ता उघडलेली खिडकी आत्ताच लावायची. पण ई४वर बसलेला घोडा एफ२ राखतो. राजा, वजीर, घोडा, तिघं. तिथे तो आणखी काही आणेपर्यंत मला श्वास घ्यायला वेळ. बी७ कुठे पळून जात नाही.

१९२४मध्ये न्यूयॉर्कला रिचर्ड रेटीने तेव्हाच्या विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवलं, ती कापाब्लांकाची ८ वर्षांतली पहिली हार. रेटीने पहिली चाल घोडा एफ३ केली होती आणि सुरुवातीला मध्यात प्यादी न घुसवता बाजूने दाब दिला होता. तो डाव मी अनेकदा लावला आहे, आणि दर वेळी दाब तसाच ठेवून खायची घाई न करण्याचा त्याचा धीर बघून थक्क होते. पटावर बसलं असताना असलं काही आठवत नाही असं लोक म्हणतात. मला आठवलं.

घोडा ई४. घड्याळात २२ मिनिटं उरली.

आता तो पहिल्यांदा छताकडे न बघता पटाकडे बघत बसला. बारा मिनिटं. मला भीती डी५ची होती, कारण मध्यातून घोड्याला हाकलणं ही नैसर्गिक चाल. तो ती खेळला नाही. घोडा ई७वरून एफ५वर आणला, तिथून डी४वर जायला. मी लगेच ओळखलं तो कशासाठी निघाला आहे. डी४ म्हणजे माझ्या वजिराच्या रेषेवर मध्येच. राखणदाराची नजर अडवायला निघाला होता. त्या मुलाबद्दल आदर वाटला. त्यालाही ती रेषा दिसली होती.

मी दुसरा घोडा डी५वर टाकला. त्याला तो तिथे सहन झाला नाही. उंटाने मारला आणि मी सी प्याद्याने परत मारलं.

इथे मी क्षणभर थांबले. पहिल्या चालीला उचललेलं ते बाजूचं प्यादं आता पटाच्या मधोमध होतं. एकवीस चाली सी४वर नुसतं बसून होतं आणि आता डी५वर गेल्याबरोबर दोन गोष्टी एकदम घडल्या. त्याला डी५ ढकलून माझ्या ई४च्या घोड्याला हाकलता येईना, कारण ते घर माझ्या ताब्यात. आणि सी पट्टी उघडली. तिच्या त्या टोकाला सी७चं प्यादं आणि मागे त्याचा वजीर.

तो घोडा डी४वर घेऊन आला. मी बी२च्या उंटाने तो मारला, त्याने ई प्याद्याने परत मारलं. त्याचं डी४चं प्यादं आता माझ्या वजिराच्या रेषेवर खुंटासारखं रोवलेलं. राखण संपली. एफ२वर आता त्याचे हत्ती आणि घोडा, माझे राजा आणि घोडा. दोनास दोन. बरोबर पुरेसं, जास्त नाही. मी हत्ती ए१वरून सी१वर आणला. १२ मिनिटं उरली होती.

हत्ती एफ७, असं तो खेळला. सी७ राखलं, पुढे एफ पट्टीवर ताकद वाढवायलाही मोकळा.

मला बी६ दिसलं. सी७च्या प्याद्याने ते मारलं तर सी पट्टी उघडून माझा हत्ती थेट सी८चा वजीर मारतो. म्हणजे सी७ला हलता येत नाही. न मारावं तर पुढच्या चालीला मीच सी७ मारते. मी तेवढंच पाहिलं होतं हे स्पष्ट सांगते. बी६ ढकललं, चाल लिहिली, पाणी प्यायले.

तो पाच-सहा मिनिटांनी सी५ खेळला. सी७वरून दोन घरं एकदम.

आधी माझं काळीज बसलं. सी पट्टी बंद. हत्तीसमोर भिंत. बी६वरचं प्यादं नुसतं अडकून पडलेलं. माझ्या सगळ्या खटाटोपाला त्याने एका ढकलीत खीळ घातली असं वाटलं. आणि मग लक्षात आलं, त्या सी५च्या शेजारी डी५वर माझं प्यादं उभं आहे. त्याने दोन घरं एकदम टाकली आहेत. आँ पासाँ. शेजारून जाणाऱ्या प्याद्याला लगेचच्याच चालीत, जणू ते एकच घर पुढे आलं आहे असं समजून मारता येतं. फक्त याच चालीत, पुढच्या चालीला हा हक्क संपतो.

डी५च्या प्याद्याने सी६वर मारलं. त्याचं सी५चं प्यादं उचलून बाजूला ठेवताना हात थरथरत होता. शेजारच्या पटावरच्या बाईंनी मान वळवून पाहिलं. त्याला ही चाल दिसलीच होती हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण त्याने जराही न थांबता बी प्याद्याने सी६ मारलं. आणि तेव्हा त्याने काय पाहून सी५ टाकलं होतं ते मला कळलं. बी प्यादं गेल्यामुळे सातवी रांग सबंध मोकळी झाली होती आणि एफ७चा त्याचा हत्ती रांगेच्या दुसऱ्या टोकाला ए७वरच्या माझ्या वजिरावर रोखलेला होता. मला वजीर हलवावा लागणार, त्याला एक चाल फुकट मिळणार, सी६चं प्यादं भक्कम होणार.

पण रांग दोघांनाही मोकळी असते, आणि चाल माझी होती.

वजीर ए७वरून एफ७वर. हत्ती मारून शह. सोळाव्या चालीपासून त्या कोपऱ्यात बसलेला वजीर पहिल्यांदा हलला आणि अख्खी रांग ओलांडून त्याच्या राजाला भिडला. मी वजीर फुकट देत नव्हते हे तपासायला मी तीन मिनिटं घेतली होती, आणि ती तीन मिनिटं या डावातली सगळ्यात लांब होती. राजाने वजीर मारला. घोडा ई४वरून डी६वर, प्यादं मारून शह. तिथून एका पायाखाली एफ७चा राजा आणि दुसऱ्या पायाखाली सी८चा वजीर. राजा कुठेही गेला तरी वजीर जातो, आणि मग माझ्याकडे एक अख्खा हत्ती जास्त राहतो, वर बी६चं मोकळं प्यादं.

तो पटाकडे बघत राहिला. मग घड्याळ थांबवलं, हात पुढे केला आणि डाव सोडला. २८ चाली. स्कोअरशीटवर सह्या केल्या, निकाल लिहिला. माझ्या घड्याळात ५ मिनिटं होती.

जी मुलं असा डाव हरल्यावर खुर्ची सरकवून निघून जातात त्यांच्यातला तो नव्हता. "ताई, जरा बघू या का?" म्हणाला. खेळाच्या दालनात बोलता येत नाही, म्हणून शेजारच्या विश्लेषणाच्या खोलीत जाऊन पट मांडला. त्याला सगळ्या चाली तोंडपाठ होत्या, मला माझा कागद लागला.

मी आधी माझ्या सत्तावीस मिनिटांबद्दल विचारलं. तो म्हणाला, बी७ खाल्लं असतं तर तो एफ२ मारणारच होता, आणि पुढे काय ते त्यालाही नीट दिसलं नव्हतं, "पण मजा आली असती." माझ्या अंगावर काटा आला.

मग तो थेट चोविसाव्या चालीवर गेला. माझा हत्ती सी१वर, त्याचा वजीर सी८वर. "हत्ती एफ७ चुकलंच. इथे वजीर एफ५ हवा होता ना?" त्याने वजीर उचलून एफ५वर ठेवला. मी बघितलं आणि गप्प झाले. आता एफ२वर घोडा, वजीर, हत्ती असे तिघं. माझे दोनच. सी७चं प्यादं मारायला जावं तर तो घोड्याने एफ२ फोडतो आणि माझा राजा उघड्यावर येतो. मी हत्ती परत एफ१वर आणला. सी१वरून आलेला तो हत्ती तिथे बसलेला बघून वाईट वाटलं. त्याने बी७ राखायला वजीर परत सी८वर नेला. मी हत्ती सी१. तो वजीर एफ५. मी हत्ती एफ१. आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते.

"म्हणजे बरोबरी होती," तो म्हणाला.

"होती," मी म्हणाले. मनात तो अर्धा गुण मी तेव्हाच त्याला देऊन टाकला होता.

तो उठला नाही. हत्ती पुन्हा सी१वर ठेवला, वजीर एफ५वरच ठेवला आणि माझ्या बाजूने बघायला खुर्ची वळवून बसला. बराच वेळ. बाहेर पुढच्या फेरीची पेअरिंग लागल्याची गडबड ऐकू येत होती. मग त्याने माझा जी२चा उंट उचलला. चौथ्या चालीला तिथे बसलेला, चोविसाव्या चालीपर्यंत लांबच्या तिरक्या रेषेकडे तोंड करून बसलेला उंट. त्याने तो एकच घर, दुसऱ्या अंगाला, एच३वर ठेवला.

"ताई, हे बघा. घोडा पिन."

जी४चा घोडा आणि त्याच्या मागे एफ५वरचा वजीर, एकाच रेषेत. घोड्याने एफ२ मारलं की माझा उंट वजीर मारतो. तीनास दोनची सगळी मोजणी त्या एका घराने कोसळली होती. आणि सी७, बी७ दोन्ही माझ्यासाठी तशीच उभी.

मी तो उंट परत जी२वर ठेवला आणि मग स्वतःच्या हाताने एच३वर नेऊन पाहिला. घड्याळात १२ मिनिटं असताना मला हे दिसलं असतं का? मी त्याला खरं ते सांगितलं, की मी हत्ती एफ१च खेळले असते. त्याने मान हलवली आणि एच५ ढकलून घोड्याला आधार देता येतो का ते बघायला लागला.